पक्ष्यांची हद्द आणि माणसांची घरे

उद्यान किंवा अभयारण्याच्या कुंपणालगत घरे बांधू द्यावीत की नाहीत, हा वाद देशातील बहुतेक मोठ्या शहरांत सुरू आहे. दिल्लीच्या वेशीवरील ओखला पक्षी अभयारण्याच्या निमित्ताने तो राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला आणि हजारो कुटुंबांच्या घरांचा ताबा त्यात अडकून पडला. हा वाद अंतराच्या आकड्याभोवतीच फिरत राहिला. पक्ष्यांना नेमके काय लागते आणि ते कोणी केव्हा ठरवायचे, हा मूळ प्रश्न मात्र मागे पडला.

यमुना दिल्ली सोडून उत्तर प्रदेशाच्या हद्दीत शिरते त्या टप्प्यावर, ओखला येथे, तिच्यावर बंधारा आहे. आग्रा कालव्याला पाणी देण्यासाठी येथे १८७४ मध्ये पहिला बांध वापरात आला. सध्याचा बंधारा १९८० च्या दशकातील आहे. अडविलेल्या पाण्याचा पसरट फुगवटा, काठाची पाणकणसांची दाट बेटे आणि पाणी उतरताच उघडे पडणारे चिखलाचे पट्टे यांमुळे ही जागा पक्ष्यांच्या पसंतीस उतरली. हिवाळ्यात मध्य आशियातून आणि त्याही पलीकडून थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे पाहुणे येथे उतरतात. वारकरी आणि जांभळ्या पाणकोंबड्या तर पाण्यावर सहज दिसतात. तीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची येथे नोंद आहे. उत्तर प्रदेश सरकारने १९९० मध्ये वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ अन्वये सुमारे ४०० हेक्टर क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा दिला.

या पाणवठ्याला खेटून उभे असलेले शहर म्हणजे नोएडा. 'न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट अथॉरिटी' या प्राधिकरणाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून शहराला हे नाव मिळाले. प्राधिकरण १९७६ मध्ये स्थापन झाले, म्हणजे शहराची आखणी अभयारण्याच्या घोषणेपेक्षा १४ वर्षे जुनी आहे. 'आधी कोण आले' असा प्रश्न या वादात दोन्ही बाजू विचारतात आणि दोघांनाही आपापले उत्तर सापडते. शहराचा आराखडा जुना हे खरे. पण पाखरे कोणाच्या आराखड्यानुसार येत नाहीत, हेही तितकेच खरे.

दहा किलोमीटर कोठून आले?

अभयारण्याच्या सीमेपर्यंत पूर्ण संरक्षण आणि सीमेपलीकडच्या पहिल्या पावलापासून सर्व मोकळे, अशी व्यवस्था वन्यजीवांना पुरत नाही, हे शासनाने तत्त्वतः मान्य केले आहे. जानेवारी २००२ मध्ये तत्कालीन भारतीय वन्यजीव मंडळाने स्वीकारलेल्या संवर्धन धोरणात राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांभोवतीचा दहा किलोमीटरपर्यंतचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करावा, असे ठरले. अनेक राज्यांनी त्यास विरोध केला. सरसकट दहा किलोमीटर धरल्यास गावे, शहरे आणि उद्योग मोठ्या प्रमाणावर त्यात सापडतील, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे २००५ मध्ये प्रत्येक ठिकाणची परिस्थिती पाहून क्षेत्र ठरवावे, अशी भूमिका घेण्यात आली. प्रत्यक्षात बहुतेक राज्यांनी प्रस्तावच पाठविले नाहीत.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो गोव्यामुळे. तेथील अभयारण्यांलगतच्या खाणींच्या पार्श्वभूमीवर 'गोवा फाउंडेशन' या संस्थेने केलेल्या याचिकेवर न्यायालयाने ४ डिसेंबर २००६ रोजी आदेश दिला. त्यानुसार संरक्षित क्षेत्रापासून दहा किलोमीटरच्या आत ज्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते, ते राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीकडे पाठविणे आवश्यक झाले. दहा किलोमीटर हा आकडा अशा रीतीने, राज्यांनी आपली रेषा आखेपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून व्यवहारात आला. राज्ये स्वस्थ बसल्याने ही तात्पुरती सोयच अनेक वर्षे नियम होऊन राहिली.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये या क्षेत्रांबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. संवेदनशील क्षेत्राने गाभ्याला बसणारा धक्का झेलावा, अशी त्यामागील कल्पना आहे. येथे सर्वच कामांना बंदी नसते. काही कामे निषिद्ध, काही नियंत्रित आणि काही प्रोत्साहन द्यावयाची, असे त्यांचे तीन वर्ग असतात. खाणी आणि प्रदूषणकारी उद्योग सहसा पहिल्या वर्गात मोडतात. बांधकाम बहुधा नियंत्रित वर्गात येते.

शेजारी स्मारक-उद्यान आले तेव्हा

ओखल्याचा पहिला मोठा वाद घरांवरून झाला नाही, तो एका उद्यानावरून झाला. अभयारण्याला लागून सुमारे ३३ हेक्टर जागेवर उत्तर प्रदेश सरकारने भव्य स्मारक-उद्यान उभारण्यास घेतले. आज ते राष्ट्रीय दलित प्रेरणा स्थळ म्हणून ओळखले जाते. जागेवरील हजारो झाडे तोडली गेली होती आणि उद्यान अभयारण्यापासून अवघ्या काही मीटरवर होते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये काम थांबविले. ३ डिसेंबर २०१० रोजी अटी घालून ते पुढे नेण्यास परवानगी दिली.

लावलेल्या झाडांची ही जागा कायद्याच्या अर्थाने 'वन' ठरत नाही आणि २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेखाली प्रकल्पाला पूर्वमंजुरी आवश्यक नव्हती, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. परंतु अभयारण्याच्या इतक्या निकट होणाऱ्या बांधकामाचे मूल्यांकन करावेच लागू नये, ही अधिसूचनेतील उणीव असल्याकडेही त्याने लक्ष वेधले. ओखल्याभोवतीचे संवेदनशील क्षेत्र राज्याने तोवर ठरविलेले नव्हते. रेषाच आखलेली नसेल तर ती ओलांडल्याचा दोष कोणाला द्यायचा, हा पेच तेव्हाच स्पष्ट झाला होता.

ताबा अडकलेली घरे

पुढील तीन वर्षांत हा पेच घरांपर्यंत आला. नोएडात दहा किलोमीटरच्या परिघात निवासी संकुले झपाट्याने उभी राहत होती. त्यांतील अनेकांनी वन्यजीव मंडळाकडे जाण्याची पायरी गाळल्याची तक्रार राष्ट्रीय हरित लवादापुढे आली. लवादाने ऑगस्ट २०१३ मध्ये अशी बांधकामे थांबविण्याचा आदेश दिला. पुढे ऑक्टोबरमध्ये, मंडळाचा निर्णय होईपर्यंत किंवा संवेदनशील क्षेत्र अधिसूचित होईपर्यंत या इमारतींना पूर्णत्वाचे दाखले देऊ नयेत, असे स्पष्ट केले.

पूर्णत्वाचा दाखला नाही, म्हणून ताबा नाही. ताबा नाही, म्हणून नोंदणी नाही. इमारती उभ्या होत्या, पण घर मिळत नव्हते. सदनिका घेणारी बहुतेक कुटुंबे नोकरदार. गृहकर्जाचा हप्ता आणि राहत्या जागेचे भाडे, असा दुहेरी भार त्यांच्यावर पडला. प्राधिकरणाने नकाशे मंजूर केले, बँकांनी कर्जे दिली, विकासकांनी पैसे घेतले. या साखळीत अभयारण्याची आठवण ज्यांनी ठेवायची त्यांनी ती ठेवली नाही आणि तिची किंमत ज्याला सर्वांत कमी माहिती होती, त्या ग्राहकाने मोजली.

केंद्राने अखेर १९ ऑगस्ट २०१५ रोजी अधिसूचना काढली. ओखला अभयारण्याच्या पूर्व, पश्चिम व दक्षिण सीमांपासून १०० मीटर आणि उत्तरेस १.२७ किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र संवेदनशील ठरले. त्यामुळे दहा किलोमीटरच्या परिघातील जवळजवळ सर्व संकुले एका दिवसात मोकळी झाली. ग्राहकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पक्षीप्रेमींना आपण हरल्यासारखे वाटले. दहा किलोमीटर हे अंतर या जागेचा अभ्यास करून आलेले नव्हते, हे उघड आहे. पण तीन दिशांना मोजून १०० मीटर हाही पक्ष्यांच्या गरजांपेक्षा उभ्या राहिलेल्या शहराशी जुळवून घेणाराच आकडा होता.

पक्ष्यांना अंतर का लागते?

वस्ती जवळ आल्याने पक्ष्यांचे नुकसान अनेक मार्गांनी होते आणि प्रत्येक मार्गाला लागणारे अंतर निराळे असते. माणसांची वर्दळ, वाहनांचा आवाज आणि बांधकामाची यंत्रे यांचा त्रास काठाच्या पहिल्या शेदोनशे मीटरमध्ये सर्वाधिक जाणवतो. भटकी कुत्री आणि मांजरे वस्तीबरोबर येतात व जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या मुळावर उठतात. त्यांचा वावर काही शे मीटरपर्यंत असतो. उघड्यावरचा कचरा कावळे व घारी यांना बोलावतो आणि ते इतरांची अंडी व पिले पळवितात. रात्री प्रवास करणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांची दिशा झगझगीत दिव्यांमुळे चुकते. काचेच्या दर्शनी भिंतीत आकाशाचे प्रतिबिंब पाहून पक्षी त्यावर आदळतात. येथे इमारत दूर नेण्यापेक्षा तिची रचना बदलणे अधिक उपयोगी ठरते.

पाण्याचा प्रश्न मात्र कोणत्याही परिघात मावत नाही. ओखल्याला येणारी यमुना दिल्लीच्या नाल्यांचे सांडपाणी पोटात घेऊन येते. पाण्याची पातळी बंधाऱ्याच्या दरवाजांवर अवलंबून असते आणि त्यांचा ताबा पाटबंधारे खात्याकडे असतो. पाणी पार उतरले तर बदके निघून जातात. फार चढले तर चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पाणथळ पक्ष्यांना उभे राहण्यास जागा उरत नाही. जलपर्णी माजली तर उघडे पाणीच झाकले जाते. म्हणजे शेजारी एकही नवे घर झाले नाही, तरी हा अधिवास उद्ध्वस्त होऊ शकतो. घरे थांबविली म्हणजे पक्षी वाचले, हे समीकरण म्हणूनच अपुरे आहे.

इंग्लंडमधील एक पद्धत

पक्ष्यांच्या सवयींवरून अंतर ठरविण्याचा एक प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला आहे. लंडनच्या नैर्ऋत्येस सरे, हॅम्पशायर व बर्कशायर या परगण्यांत 'टेम्स बेसिन हीथ्स' नावाची सुमारे ८,००० हेक्टरची झुडपी माळराने आहेत. रातवा, वुडलार्क नावाचा चंडोल आणि डार्टफर्ड वॉर्बलर हा वटवट्याच्या कुळातील चिमुकला पक्षी, अशा तीन जातींसाठी २००५ मध्ये त्यांना विशेष संरक्षण मिळाले. पहिले दोन जमिनीवर आणि तिसरा बुटक्या झुडपात घरटे करतो. फिरायला येणारी माणसे आणि त्यांची मोकळी सोडलेली कुत्री यांच्यामुळे ही घरटी उधळली जातात, असे अभ्यासात दिसून आले.

संरक्षण जाहीर होताच तेथेही घरबांधणी काही काळ ठप्प झाली. ११ स्थानिक प्राधिकरणांचा हा परिसर लंडनच्या नोकरदारांना घरांसाठी हवाच होता. तोडगा असा निघाला : माळरानापासून ४०० मीटरच्या आत नव्या घरांना जवळजवळ पूर्ण मनाई. त्यापुढे पाच किलोमीटरपर्यंत घरे चालतील. मात्र दर हजार नव्या रहिवाशांमागे किमान आठ हेक्टर या प्रमाणात फिरण्यासाठी दुसरी हिरवी जागा द्यावी लागेल आणि माळरानाच्या देखरेखीसाठी पैसे भरावे लागतील. ४०० मीटर हे अंतर मांजरांची भटकंती आणि पायी सहज येणारी माणसे यांचा विचार करून आले; पाच किलोमीटर हे मोटारीने फिरायला येणाऱ्यांच्या अंतरावरून. रहिवाशाला फिरायला जागा हवी, ही गरज नाकारण्याऐवजी ती दुसरीकडे भागविण्यात आली.

हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. माळरानावरच्या रातव्याचे गणित नदीकाठच्या बदकाला कसे लावणार? घेण्यासारखी आहे ती पद्धत. प्रथम कोणता पक्षी, मग त्याला कशाचा उपद्रव आणि शेवटी त्यावरून अंतर, हा तिचा क्रम.

ठाणे खाडी : रेषेबाहेरचे रोहित

हा क्रम उलटा झाला की काय होते, ते मुंबईकरांना ठाणे खाडीत पाहायला मिळते. खाडीतील सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्राला ऑगस्ट २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्यानंतर संवेदनशील क्षेत्र ठरण्यास ऑक्टोबर २०२१ उजाडले. मधल्या काळात येथेही दहा किलोमीटरचा परिघ आडवा आला. पूर्व उपनगरे, ठाणे व नवी मुंबईतील अनेक गृहप्रकल्पांना, ते खाडीपासून दूर भर वस्तीत असले तरी, वन्यजीव मंडळाची वाट पाहावी लागली. अखेर अधिसूचित झालेले क्षेत्र ४८ चौरस किलोमीटरच्या आसपास असून सीमेपासूनचे अंतर काही ठिकाणी शून्य, तर काही ठिकाणी ३.८९ किलोमीटरपर्यंत आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये खाडीचा समावेश रामसर यादीत झाला.

परंतु रोहित पक्ष्यांचा दिवस भरती-ओहोटीच्या घड्याळावर चालतो. ओहोटीला ते खाडीच्या चिखलावर चरतात. भरती आली, की चिखल बुडतो आणि थव्यांना विसाव्यासाठी उथळ पाणी शोधावे लागते. ते त्यांना सीवूड्स-नेरुळ भागातील एनआरआय संकुलामागील पाणथळ जागा, टी. एस. चाणक्य संस्थेजवळची पाणथळ आणि डीपीएस शाळेमागील तलाव येथे मिळते. या जागा अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत, शहराच्या जमिनीत आहेत आणि घरबांधणीच्या दृष्टीने अत्यंत मोलाच्या आहेत. खाडीतील चराईची जागा राखून विसाव्याची जागा भरून टाकली, तर रोहितांना दिवसाचे निम्मे तासच घर उरते. म्हणूनच या उपग्रह पाणथळींचेही व्यवस्थापन खाडीबरोबरच व्हावे, असा आग्रह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने धरला आहे.

सीवूड्स येथील पाणथळ परिसरात गोल्फ मैदान व निवासी संकुल उभारण्याच्या प्रस्तावावरून दीर्घ न्यायालयीन लढा झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यासाठी केलेला जमीनवापरातील बदल रद्द ठरविला. पुढे वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. डीपीएस तलावाची कथा निराळी आहे. तेथे इमारत झाली नाही. खाडीच्या पाण्याची ये-जा अडल्याने तलाव सुकत गेला. एप्रिल २०२४ मध्ये या परिसरात रोहित पक्षी मृत व जखमी अवस्थेत आढळले. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे ३० एकरांचा हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. अभयारण्याबाहेरची जागाही पक्ष्यांच्या वापरामुळे संरक्षणास पात्र ठरते, हे त्यातून मान्य झाले.

तराजूची दोन पारडी

सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२२ रोजी प्रत्येक संरक्षित वनाभोवती किमान एक किलोमीटरचे संवेदनशील क्षेत्र असावे, असा आदेश दिला होता. शहरातच वसलेल्या मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी ते शक्य होणार नाही, याची दखल त्याच निकालात होती. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने ही सरसकट अट शिथिल केली. दहा किलोमीटर, एक किलोमीटर, शंभर मीटर : वीस वर्षांत आकडे बदलत गेले आणि प्रत्येक वेळी सरसकट आकडा जागेवर टिकला नाही.

घरांची गरज खोटी नाही. शहरात परवडणारी जागा मिळाली नाही, तर वस्ती आणखी दूर, शेतांवर आणि टेकड्यांवर पसरते. तेथेही पक्षी असतातच. आधीच बांधलेल्या भागात उंच इमारत होण्याने पाणथळीचे जेवढे बिघडते, त्याहून कितीतरी अधिक पाणथळीत भराव घातल्याने बिघडते. दुसऱ्या पारड्यातील वजन वेगळ्या जातीचे आहे. इमारत दुसऱ्या भूखंडावर नेता येते, तिची उंची कमी-अधिक करता येते. भरतीच्या वेळी उथळ राहणारे पाणी दुसऱ्या भूखंडावर नेता येत नाही. त्यामुळे तडजोड कोठे करायची, याचे उत्तर सर्व ठिकाणी मधोमध येत नाही. विसाव्याच्या आणि विणीच्या जागी ती नकोच. त्यापुढील पट्ट्यात मात्र पुरेशी जागा आहे.

यासाठी रेषा भूखंड विकण्याआधी आखली गेली पाहिजे. नोएडात ती अभयारण्यानंतर २५ वर्षांनी आली. ठाण्यात सहा वर्षांनी. उशिराने आलेली रेषा उभ्या इमारतींना वळसा घालून जाते, हा दोन्ही ठिकाणचा अनुभव आहे. तोवर पक्ष्यांची बाजू मांडणारा 'विकासविरोधी' ठरतो आणि घर मागणारा 'निसर्गद्रोही'. वस्तुतः दोघांचेही नुकसान एकाच विलंबाने केलेले असते.

घर घेण्यापूर्वी

उद्यान, अभयारण्य किंवा पाणथळीजवळ सदनिका घेणाऱ्यांनी काही गोष्टी तपासून पाहाव्यात :

- जवळच्या संरक्षित क्षेत्राच्या संवेदनशील क्षेत्राची अंतिम अधिसूचना निघाली आहे का? केवळ मसुदा असेल, तर सीमा बदलू शकते.

- भूखंड त्या क्षेत्रात येतो का? अधिसूचनेसोबत नकाशा आणि सीमेचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात.

- प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते का आणि मिळाली असल्यास तीत वन्यजीव मंडळाच्या संमतीची अट आहे का?

- महाराष्ट्रात 'महारेरा'च्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदीत मंजुऱ्या व न्यायालयीन वाद नमूद असतात. त्या विकासकाच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहाव्यात.

- विकास आराखड्यात ही जमीन पूर्वी कोणत्या वापरासाठी होती? पाणथळ किंवा ना-विकास क्षेत्राचे अलीकडेच निवासी क्षेत्र झाले असेल, तर तो बदल न्यायालयात टिकेलच असे नाही.

'खिडकीतून पक्षी दिसतील' असे जाहिरातीत लिहिलेले असते आणि त्यासाठी चौरस फुटामागे जादा दर आकारला जातो. पक्षी तेथे राहिले तरच त्या दराला अर्थ आहे, एवढे तरी दोन्ही पक्षांना मान्य व्हावे.